मुक्ताचं निझवा

साताऱ्याच्या माणसापुढे दुसऱ्या गावच्या किल्ल्याचं कौतुक करायचं नसतं. आमच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो, आणि गुडघे धडधाकट होते तोवर आमच्या ग्रुपने सह्याद्रीतला एकेक गड पालथा घातला आहे. तरीही ओमानहून परतल्यापासून जो भेटेल त्याला मी निझव्याचा किल्ला सांगत सुटले आहे. भाजीवालीलाही सांगून झालं. ती म्हणाली, "बाई, लिहून काढा सगळं, म्हंजी माझी भाजी तरी खपंल." म्हणून हे लिहायला बसले.

दार्सैत

माझी धाकटी बहीण शुभा लग्न झाल्यापासून मस्कतच्या दार्सैत भागात राहते. दार्सैतला परदेश म्हणायचं अगदी जिवावर येतं. सकाळी कृष्णमंदिराची घंटा, खाली मल्याळी माणसाचं वाणसामानाचं दुकान, त्यात कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा आणि चक्क अळूची पानं. जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास. वरच्या मजल्यावर परभणीचे एक इंजिनिअर राहतात, ते भेटल्याभेटल्या "जय भीम ताई, गावाकडं काय म्हणतंय?" असं विचारायचे. मी पासपोर्टावर शिक्का कशासाठी मारून घेतला तेच मला पहिले दोन दिवस कळेना.

मी गेले तेव्हा घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. शुभाचे यजमान दिलीपराव साठीला पोचले होते. नोकरी संपली की व्हिसा संपतो, म्हणून महिन्याभरात तिघंही कायमची पुण्याला परतणार होती. तिसरी म्हणजे मुक्ता, त्यांची एकुलती एक लेक. ती मस्कतला जन्मली, तिथेच इंग्रजी शाळेत शिकली, पुण्यात येऊन आर्किटेक्ट झाली आणि पुन्हा तिकडेच गेली. गेले काही महिने ती निझवा नावाच्या जुन्या गावात मातीची घरं दुरुस्त करायच्या कामावर जात होती. त्या लोकांनी तिला आता पक्की नोकरी आणि स्वतंत्र व्हिसा देऊ केला होता. तिला तिथे राहायचं होतं, आणि दिलीपराव नाही म्हणाले होते. रविवारी, म्हणजे तिकडचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, तिला उत्तर कळवायचं होतं.

"ताई, ती तुझं ऐकते," शुभा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही तिघं निझव्याला जाऊन या. मला इथे खोकी आहेत. तू गोडीगुलाबीने समजाव तिला. आम्ही तिकडे आणि ही एकटी इकडे, असं कसं ठेवू गं?"

मी लगेच हो म्हटलं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. आईबाप निघाल्यावर मुलीने वाळवंटात मातीची घरं लिंपत बसायचं, हे माझ्या काही पचनी पडत नव्हतं.

मत्रा

निझव्याआधी मत्रा पाहिलं. हे मस्कतचं जुनं बंदर. समुद्राला लागून वळत जाणारा रस्ता, त्यावर लाकडी जाळीच्या सज्ज्यांची पांढरीशुभ्र घरं, मागे उघडेबोडके डोंगर आणि डोंगराच्या टोकावर बुरूज. बाजारात शिरले आणि ऊद-लोबानाच्या वासाने माझं डोकंच फिरलं. आपण देवापुढे चिमूटभर टाकतो तो धूप इथे पोत्यांनी मांडून ठेवतात! एका जुन्या घरातल्या छोट्या संग्रहालयात चांदीचे दागिने पाहिले. ते गोठ आणि तोडे आमच्या आजीच्या पिढीतल्या कुठल्याही बाईने "हे माझेच" म्हणून उचलले असते.

हे सगळं मी आणि मुक्ताने पाहिलं. दिलीपराव गाडीत बसून होते, इंजिन चालू ठेवून. "तुम्ही या बघून, ताई. पार्किंग मिळत नाही," म्हणाले. मग मुक्ताने सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. सगळं आयुष्य या देशात गेलं आणि या माणसाने एकही किल्ला आतून पाहिलेला नाही! शुक्रवारी मंदिर, भाजी आणि झोप, वर्षातून एकदा सुट्टीला पुणे.

मी गाडीत बसल्या बसल्या त्यांना धारेवर धरलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, आपण इथे कामाला आलो. बघायला टूरिस्ट येतात."

निझव्याच्या वाटेवर

गुरुवारी दुपारी निघालो. गाडी मुक्ता चालवत होती, आणि शेजारी बसलेले दिलीपराव पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. रस्ता असा गुळगुळीत की चहा सांडायला कारण नाही. चहाचीही गंमत आहे. टपरीसमोर गाडी उभी करून हॉर्न मारायचा, की आतला माणूस कागदी पेल्यात वेलदोड्याचा घट्ट चहा घेऊन काचेपाशी हजर. मी सवयीने उतरून टपरीकडे गेले, तर तो बंगाली माणूस घाबरला. "मॅडम, कुछ गलती हुआ?" म्हणाला. चहासाठी खाली उतरणारं गिऱ्हाईक बहुधा त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

डोंगरांवर गवताची काडी नाही. माझे सातारी डोळे हिरवं शोधून दमले. नंतर मात्र मजा वाटायला लागली, कारण दगडाचे थर, त्यांच्या घड्या, तांबडे-जांभळे-राखाडी पट्टे, सगळं उघड्यावर मांडलेलं. आमचा सह्याद्री या मानाने भलताच लाजरा, असं मी मोठ्याने म्हटलं तेव्हा मुक्ता खळखळून हसली. आणि एका वळणानंतर एकदम खजुरांचं रान, त्यातून वर आलेला एक अवाढव्य गोल बुरूज आणि शेजारी मशिदीचा घुमट. मी "थांब, थांब!" ओरडले. दिलीपरावांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

संध्याकाळी हलवा खाल्ला. हा ओमानी हलवा आपल्या सुक्या बर्फीच्या जातीचा नव्हे. काळसर, लकाकता, चिकट, तुपाने ओथंबलेला, केशर आणि गुलाबपाण्याचा. तो मोठ्या कढईत तासन् तास ढवळतात. दुकानदार चमच्याने चाखायला देतो आणि एवढ्यावर कुणाचं भागत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं.

शुक्रवारचा बाजार

निझव्याला शुक्रवारी सकाळी गुरांचा बाजार भरतो. मुक्ता म्हणाली, "मावशी, हे मिस करायचं नाही." दिलीपरावांनाही मी ओढून नेलं.

छपराखाली एक गोल जागा. पांढऱ्या झग्यातले, नक्षीच्या टोपीतले, हातात काठी घेतलेले पुरुष मध्ये आणि कडेला बसलेले. मधल्या वाटेने विकणारे आपापलं जनावर घेऊन गोल गोल फिरतात आणि भाव ओरडतात. बोकड, शेळ्या, मेंढ्या, आणि मग गायी. आमच्याकडे जत्रेच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. इथे सगळा मामला खणखणीत, चारचौघांत. एखाद्याला जनावर आवडलं की तो त्याला थांबवतो, पाठ चाचपतो, दात बघतो. मी अगदी पुढे, दोरीला लागून उभी होते. आनंदाने मला तोंड मिटता येत नव्हतं.

तेवढ्यात एक बुटकी, तांबूस गाय माझ्या अगदी जवळून निघाली. कपाळावर पांढरा टिळा, डोळे काजळ घातल्यासारखे. माझा हात आपोआप गेला. तिच्या पाठीला लावला आणि माझ्या कपाळाला लावला. आयुष्यभर रस्त्यात गाय दिसली की जे केलं तेच केलं, त्यात विचार कसला करायचा!

गाय थांबली. म्हणजे तिच्या म्हाताऱ्या मालकाने थांबवली. त्याने माझ्याकडे पाहून काहीतरी आकडा सांगितला. मी हसून मान हलवली, आपण हलवतो तशी. त्याने गायीची दोरी माझ्या हातात दिली.

मागे बोकडांची रांग तुंबली, मागचे ओरडायला लागले. मधून कुणीतरी "यल्ला, यल्ला!" करत होतं. दिलीपराव घामाघूम झाले. "ताई, सोडा ती दोरी! खलास, सोडा!"

"अहो, मी धरली नाही, त्याने दिली!"

"तुम्ही गाय विकत घेताय, ताई!"

मी दोरी सोडायला गेले तर गायीनेच एक पाऊल माझ्याकडे टाकलं. सगळा बाजार हसायला लागला. दिलीपराव त्या मालकाला इंग्रजीत, मग हिंदीत, मग हात जोडून "सॉरी, अर्बाब, मालक, सॉरी" म्हणत होते, आणि तो बिचारा आता या माणसाला काय हवंय म्हणून बघत होता.

मग मुक्ता पुढे आली. तिने म्हाताऱ्याला सलाम केला, तब्येत विचारली, घरच्यांची विचारली, आणि मग बोलायला लागली. मला अरबीतलं ओ की ठो कळत नाही, पण ती अडखळत नव्हती. मराठी बोलताना ही पोर दर वाक्याला ठेचकाळते, आणि इथे तिचे हात, भुवया, आवाज, सगळं एकाच वेळी बोलत होतं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"मी सांगितला की आमच्याकडे गायला हात लावून ब्लेसिंग घेतात. तो म्हणाला, मग आता हिचा भाव वाढला. इंडियाची बाईने सलाम केला आहे."

म्हातारा दोरी घेऊन पुढे गेला, आणि खरंच पुढच्या फेरीत तो माझ्याकडे बोट दाखवून ओरडत होता. मी पोट धरून हसत होते. दिलीपराव हसत नव्हते. ते मुक्ताकडे बघत होते.

"हे एवढं कधी शिकलीस?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, आमच्यासारखं ऑफिसपुरतं येत असेल."

"साइटवर, बाबा. तिथे सगळे हेच बोलतात."

किल्ल्याच्या दारात मात्र ते "मी गाडीत बसतो" म्हणाले नाहीत.

किल्ला

आमचे किल्ले डोंगरावर. चढताना जीव जातो, शत्रूचाही आणि आमचाही. निझव्याचा किल्ला भर गावात, सपाटीवर, बाजाराला खेटून. मी मनात म्हटलं, हा कसला किल्ला, पायऱ्या तरी असतील का? त्या बुरुजाने मला चांगलाच धडा शिकवला.

आतला जिना अरुंद आहे आणि वळणावळणाला दार. डोक्यावर छतात भोकं. दाराशी अडकलेल्या शत्रूवर त्यातून उकळता खजुराचा पाक ओतायचे! पाकाचा असा उपयोग माझ्या डोक्यात कधी आला नव्हता, आणि माझे पाक बिघडले तरी किती होते. पुढे पायरीच्या जागी खड्डा, वरची फळी काढली की माणूस थेट खाली. आता त्यावर काच आहे, तरी मी भिंत धरून गेले. खाली एक कोठार पाहिलं. त्यात खजुरांची पोती एकावर एक रचायची, वजनाने रस गळायचा आणि जमिनीतल्या पन्हाळ्यांतून रांजणात जमा व्हायचा. किल्लेदाराची बायको या कोठारावर किती वेळा चक्कर मारत असेल, याचाच मी विचार करत राहिले.

बुरुजावर पोचले तेव्हा माझा श्वास लागला होता आणि आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. चहूकडे खजुराचं हिरवं, त्यात मातीच्या रंगाचं जुनं गाव, पलीकडे डोंगर. मी मुक्ताला आमची गोमुखी दारं समजावली, शत्रूला वाट दिसू नये म्हणून दोन बुरुजांच्या कुशीत लपवलेली. तिने मला तोफांचे झरोके समजावले. दोन किल्लेवेड्या बायका भर उन्हात हातवारे करत होतो.

खाली उतरताना दिलीपराव दिसेनात. ते एका आतल्या दालनात भिंतीवर तळहात ठेवून उभे होते.

"ताई, बाहेर भट्टी आहे," ते म्हणाले. "आणि इथे गार कसं?"

हा प्रश्न त्यांनी विचारावा, याला कारण होतं. दिलीपरावांचं सगळं आयुष्य एसीत गेलं, म्हणजे इमारतींना एसी बसवण्यात. मस्कतमधल्या कितीतरी दवाखान्यांत, ऑफिसांत, दुकानांत जी गार हवा येते ती या माणसाने आखलेल्या पत्र्याच्या नळ्यांतून येते.

"बाबा, चला, तुम्हाला माझा साइट दाखवते," मुक्ता म्हणाली.

खमीस यांचं घर

किल्ल्यामागे जुनी वस्ती आहे. मातीच्या उंच भिंती आणि दोघं जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या. एका बाजूने पाट वाहतो, त्याला तिथे फलज म्हणतात. डोंगरातून आणलेलं ते पाणी स्वच्छ, खळाळतं, आणि प्रत्येकाच्या बागेला वेळ लावून वाटून दिलेलं. बरीच घरं आता डागडुजी करून चहाची दुकानं आणि पाहुण्यांच्या खोल्या झाली आहेत. मुक्ता ज्या घरावर काम करत होती ते खमीस नावाच्या निवृत्त शिक्षकांचं. ते स्वतः गावाबाहेर नव्या बंगल्यात राहतात. "वेलकम, वेलकम, तफद्दल," म्हणजे आत या, असं म्हणत ते दारातच उभे होते.

एका भिंतीचा गिलावा अजून ओला होता. चिखलात चिरलेला पेंढा मिसळलेला. मी न राहवून हात घातला. शेण नव्हतं एवढाच काय तो फरक. मुक्ता दंडापर्यंत बाह्या सारून सांगत होती, "मावशी, हा भिंत बघ, किती थिक आहे." मी "ही भिंत" म्हटलं. तिने "ही भिंत" म्हटलं आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तो झाला.

दिलीपराव मात्र भलतीकडेच बघत होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पाटाकडच्या खालच्या खिडकीपाशी धरला. रुमाल आत फुगला. मग एका उंच स्टुलावर चढून छताजवळच्या भोकाशी धरला. तो बाहेर ओढला गेला.

"पाण्यावरनं हवा खालून येते, आणि गरम वरून जाते?" ते म्हणाले.

"हो बाबा. सगळे खोल्यांत असाच आहे."

ते स्टूल घेऊन शेजारच्या खोलीत गेले आणि पुन्हा वर चढले. "मग या खोलीत वरचं भोक कुणी बुजवलं?"

"इलेक्ट्रिशियनने. एसी लावायचा आहे ना, मग हवा लीक होते म्हणून."

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? उघड ते! जून-जुलैत लागेल एसी, तेव्हा भोकाला लाकडी झडप कर. बाकीचे दिवस हवा अडवून ठेवायची काही गरज नाही."

मग बाप-लेक वाद घालायला लागले. झडप कुठल्या बाजूला उघडावी, भिंत किती तापते, किती वाजेपर्यंत गार राहते. इतकी वर्षं यांनी एकमेकांशी गृहपाठ, मार्क आणि लग्न याखेरीज काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी दारात चिखलाचे हात घेऊन उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की समजावणीचं मी जे मनात जुळवून आणलं होतं, ते सगळं मला मूर्खपणाचं वाटलं.

"ही खोली कुणाची होणार?" दिलीपरावांनी सहज विचारलं.

मुक्ता भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "माझी. म्हणजे, मी राहिले असते तर."

दिलीपराव स्टुलावरून उतरले. रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

खमीस यांनी चटईवर बसवलं. आधी खजूर, मग लहान वाट्यांत कॉफी, वेलदोड्याची, कडू. मी एक वाटी संपवली, त्यांनी भरली. मी "नको नको" म्हटलं, त्यांनी भरली. आपल्याकडे नको म्हणजे अजून थोडं वाढा, असा हिशेब असतो, पण आपण कधीतरी थांबतो. हे थांबेनात. माझ्या छातीत धडधडायला लागलं तेव्हा मुक्ताला दया आली. "मावशी, वाटी हलव. अशी." वाटी मनगटातून किंचित हलवली की पुरे, असा तिथला रिवाज. मी जोरजोरात हलवली.

दिलीपराव कॉफी संपवून उठले. "थँक यू, सर. आम्ही निघतो. तुम्हाला नमाजाला जायचं असेल."

"बसा," खमीस इंग्रजीत म्हणाले. "अजून धूप आलेला नाही." आणि मुक्ताने आम्हाला सांगितलं, इथे घरच्यांनी धूपदान फिरवलं की पाहुण्यांनी निघायचं, त्याआधी नाही.

दिलीपराव बसले. जरा वेळाने म्हणाले, "सर, माझं काम संपलं इथलं. आम्ही सगळेच परत चाललो. तुमच्या देशात आम्ही पाहुणे होतो. पाहुण्याने वेळेवर उठावं, असं मी घरात नेहमी सांगतो."

खमीस यांनी मान डोलावली. "तुम्ही पाहुणे, ते खरं. पण ही?" त्यांनी मुक्ताच्या कोपरावर वाळलेल्या मातीकडे बोट केलं. "पाहुण्याला कुणी भिंत लिंपायला लावतं का?"

आतून खमीस यांची बहीण धूपदान घेऊन आली. ती पलीकडच्याच घरात राहते. धूर आधी माझ्याकडे आला, मग मुक्ताकडे, मग दिलीपरावांकडे. रिवाजाप्रमाणे आता आम्ही उठायला हवं होतं. दिलीपराव उठले, पण दाराकडे गेले नाहीत. त्या खोलीत गेले. आतून कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावून पाहिली. खिडकीचे गज हलवून पाहिले. नळ सोडला, पाणी गरम कुठून येणार ते विचारलं. इथून हाक मारली तर खमीस यांच्या बहिणीच्या घरात ऐकू जाईल का, ते विचारलं. मुक्ता प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत त्यांच्या मागून फिरत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता.

खोलीला लागून स्वयंपाकाची चिंचोळी जागा होती. तिथे उभं राहून त्यांनी शुभाला फोन लावला, स्पीकरवर.

"शुभा, मुक्ताचं तिकीट रद्द कर."

मुक्ताने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या कोपरावरची वाळलेली माती माझ्या मनगटावर गळली. मी रडत होते, आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

"ताई आहे का तिथे?" शुभाने विचारलं. "ताई, मी तुला कशाला पाठवलं होतं?"

"मला नाही जमलं, शुभा," मी म्हटलं. "तू येऊन बघ. तुलाही नाही जमणार."

पलीकडे शुभाने नाक ओढलं ते स्पष्ट ऐकू आलं. मग ती म्हणाली, "ओटा केवढा आहे तिथे?"

दिलीपरावांनी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि वाकून वितींनी ओटा मोजायला लागले.